सरळ रांगेतला कसावा

मोर्न काश, २१ जानेवारी

प्रिय क्लोटिल्ड,

तुझे पत्र तिझोने काल नावेतून उतरता उतरता माझ्या हातात ठेवले. एवढ्या वर्षांत त्याने तुझ्याकडून मला काही आणलेले नाही, त्यामुळे पत्र देऊन तो लगेच निघाला नाही. जाळे झटकत, मी पाकीट तिथेच फोडतो का हे पाहत उभा राहिला. "तुमच्या बहिणीनं दिलंय. देताना हसली नाही," एवढेच म्हणाला. मी ते घरी आणून वाचले.

गास्तों गेल्याचे वाचून वाईट वाटले. मेहुणा असूनही त्याच्याशी माझे फार बोलणे कधी झाले नाही, आणि जे झाले ते आज आठवावे असे नाही. तरीही आईच्या आजारपणात त्याने तुमच्या मारी-गालांत बेटावरून पाठवलेली औषधे वेळेवर पोहोचत होती, हे मी विसरलेलो नाही. त्याच्या भावांना आता घर हवे आहे आणि तुला ते सोडावे लागणार, असे तू लिहितेस. तेही मी नीट वाचले.

तू विचारतेस, "माझी जागा आहे का अजून?" प्रश्न एका ओळीचा आहे, उत्तर एका ओळीचे नाही. आपल्याकडे जमीन कोणाच्याच मालकीची नसते, हे मी तुला सांगायला नको. जो राबेल त्याची जागा, आणि जिथे वर्षभर कोणाचेच पीक उभे नसेल ती जागा सर्वांची. आई होती तोवर कड्यावरच्या त्या तुकड्यात तिचा तांबड्या देठाचा कसावा उभा असे, भाकरीचे कंद तिथूनच येत. आईला जाऊन दोन पावसाळे झाले. आज तिथे काय आहे याची पाहणी जमिनीचे मंडळ करील.

शिवाय तुझ्या लग्नाचा मुद्दा आहे. बाहेरच्याशी लग्न केलेल्या मुलीने बाहेरच राहावे, हा रिवाज मी घातलेला नाही. आता गास्तों नाही, तेव्हा रिवाजाचाही प्रश्न उरला नाही असे मंडळात काहींचे मत पडेल, काहींचे पडणार नाही. मी मंडळावर असल्यामुळे आधीच मत देणे योग्य होणार नाही.

मावशी बरी आहे. ऑर्तांस मावशीचे दात उरलेले नाहीत, जीभ उरली आहे. तुझे पत्र आल्याचे तिला माझ्याआधी कळले होते. "काय लिहिलंय?" म्हणाली. मी म्हणालो, चौकशी केली आहे. "चौकशी परकी माणसं करतात," असे म्हणून ती वेत सोलत बसली.

माझे पुढचे पत्र येईपर्यंत तिथले घर सोडू नकोस. आज हवा स्वच्छ आहे. शाळेमागच्या चढावरून तुझे बेट दिसते, पाण्यावर कोणी भाकरी थापून ठेवावी तसे सपाट.

तुझा भाऊ,
एव्हारिस्त


मोर्न काश, १६ फेब्रुवारी

प्रिय क्लोटिल्ड,

मंडळाची पाहणी झाली. ओनोरे आता आपले प्रमुख आहेत. तू होतीस तेव्हा ते नावा कोरीत. ते, मी आणि आणखी दोघे कड्यावर गेलो. आईच्या घराचे खांब कुजून पडले आहेत आणि आत रानवेल माजली आहे. आंब्याच्या बाजूला कसाव्याची काही झाडे आढळली. जुन्या टाकलेल्या काड्यांतून ती आपोआप उगवलेली असावीत, असे ठरवण्यात आले. सबब जागा मोकळी मानण्यात आली आणि एका अर्जदाराला देण्यात आली. अर्जदार आपल्यातलाच आहे, तरुण आहे. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे दोन खोल्या बांधण्याचा त्याचा विचार आहे.

तुझ्या लग्नाचा मुद्दा निघाला नाही. निघण्याची गरजच पडली नाही.

याचा अर्थ तू येऊ नयेस असा नाही. तू आमच्याकडे यावेस. तुझी वहिनी इव्हेट मागची खोली रिकामी करून देईल. तिथे तू हवे तितके दिवस पाहुणी म्हणून राहावेस. "पाहुणी" हा शब्द खोडावा असे लिहून झाल्यावर वाटले, परंतु पत्रात खाडाखोड मला आवडत नाही.

पत्र द्यायला गेलो तेव्हा तिझोने पाकीट हातावर तोलले. "पातळ आहे," म्हणाला. "ती दर खेपेला किनाऱ्यावर येऊन उभी राहते. तिला हे देऊन मी सरळ नाव ढकलू का, थांबू?" मी म्हणालो, तुझे तू बघ.

तुझा भाऊ,
एव्हारिस्त


मोर्न काश, ९ मार्च

प्रिय क्लोटिल्ड,

कड्यावर काय सापडले ते तिझोने तुला सांगितलेच असेल. त्याच्या तोंडून ते कसे आले असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मागील पत्रात जे लिहिले नाही ते आधी लिहितो. अर्जदार रेमी आहे. माझा रेमी. तू गेलीस तेव्हा तो रांगत होता.

गेल्या आठवड्यात त्याने खांबांसाठी खड्डे घेतले. आंब्याच्या बाजूच्या खड्ड्यात पहारीला काहीतरी लागले. दगड समजून त्याने कड फोडली, तर ते खापर निघाले. कसाव्याच्या भाकरीचा जुना मातीचा तवा, कवेत जेमतेम मावेल एवढा, पालथा घातलेला. थापणारीच्या बोटांचे ठसे काठावर अजून आहेत. रेमी मला बोलवायला आला. आम्ही दोघांनी मिळून तवा उचलला.

खाली एक बाई बसली होती.

बसली होती असेच लिहितो, कारण ती आडवी नव्हती. गुडघे हनुवटीला लागलेले, हात पायांभोवती गुंडाळलेले, तोंड समुद्राकडे. कुशीत जुने लोक पुजत तसा तीन टोकांचा लहानसा दगड. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी येऊन पाहिले. बाई आहे, वय झालेली होती, एवढे ते म्हणाले. किती जुनी ते त्यांना सांगता येईना. आपल्या कोणाच्याही आठवणीच्या आधीची, गोऱ्यांची जहाजे यायच्याही आधीची.

तोवर अर्धी वाडी गोळा झाली होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण पाहुण्यांना दाखवायला उभारलेल्या जुन्या पद्धतीच्या वस्तीत, तिथल्या झोपडीत, त्यांना पूर्वजांविषयी सांगण्याचे काम माझे. आणि मी सवयीने सांगू लागलो, जणू समोर पाहुणेच उभे आहेत: जुने लोक मेलेल्या माणसाला घराच्या जमिनीखाली बसवून पुरत आणि त्याच घरात राहत. घर बाईचे असे. मुलगी आईच्या घरात राही, जावई बाहेरून येई. ही वाक्ये मला पाठ आहेत. रोज म्हणतो.

"पुन्हा म्हण," मावशी म्हणाली.

ती खड्ड्याच्या काठाशी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती.

"काय पुन्हा?"

"आत्ता म्हणालास ते. पाहुण्यांना रोज सांगतोस, घरच्यांनाही कळू दे. जावई कुठून येई?"

"बाहेरून."

"आणि मुलगी?"

"राही."

"कुठं राही?"

"आईच्या घरात, मावशी."

"बरं झालं विचारलं. मला वाटायचं ट्रंकेसकट नावेत बसवत असतील."

लोक हसले. रेमी हसला नाही. तो पहारीच्या टोकाला लागलेली माती बोटाने काढत राहिला. तुझी ट्रंक नावेपर्यंत मी नेली होती, हे त्याला कोणी कधी सांगितलेले नाही. त्या दिवशी त्याला ते कळले असावे.

नंतर ओनोरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता हिचं काय करायचं? तुम्हीच सांगा."

मी बोलायच्या आधी रेमी म्हणाला, "पापा, वस्तीत काचेची पेटी करून ठेवू. लोक हिला बघायला राजधानीतून येतील."

"आणि राहतील तुझ्या खोल्यांत," ओनोरे म्हणाले.

"राहिले तर काय वाईट?"

मला त्यात वाईट दिसले नाही. पेटी असावी असे मलाही पूर्वीपासून वाटत होते. नुसत्या टोपल्या दाखवून पूर्वज समजत नाहीत. मी होकार दिला. तवा आम्ही त्याच दिवशी झोपडीत नेला. पेटी होईपर्यंत बाईवर केळीची पाने घातली आहेत.

मावशीने टोपली उचलून डोक्यावर ठेवली. "जिवंत होती तिला नावेत बसवून काढलं," जाताना म्हणाली, "मेलेलीला पेटीत बसवून काढा. हाताला सवय असली की जड जात नाही."

तिच्या बोलण्याचा तुला त्रास होऊ नये. ती म्हातारी झाली आहे.

तुझा भाऊ,
एव्हारिस्त


मोर्न काश, २८ मार्च

क्लोटिल्ड,

फेब्रुवारीच्या पत्रात मी लिहिले होते, "आपोआप उगवलेली असावीत, असे ठरवण्यात आले." वाक्य निर्दोष आहे. त्यात बोलणारा माणूस नाही, एवढेच. तो माणूस मी.

आता घडले तसे लिहितो.

आईने शेवटच्या दिवसांत मला सांगितले होते, "टिलच्या, तुझ्या बहिणीच्या नावानं दर पावसाळ्यात एक रांग लाव. जास्त नको. एक पुरते." मी हो म्हणालो. मावशी तिथेच होती. पहिला पावसाळा आला, मी लावली नाही. मावशीने वाट पाहिली. मग एके दिवशी कड्याच्या वाटेने जाताना मला ती दिसली: गुडघ्यांवर बसून काड्या मातीत खोचत होती, दर काडीनंतर हात टेकून सरकत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. मी मागे फिरलो आणि खालच्या वाटेने घरी आलो.

पाहणीच्या दिवशी ती रांग छातीएवढी झाली होती. ओनोरे तिच्या एका टोकाला उभे राहिले.

"ही कोणी लावली?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "जुन्या काड्या पडल्या असतील, त्या फुटल्या."

"एका रांगेत?"

"पडल्या असतील तशा."

आमच्यातला एक जण म्हणाला, "पडताना दोरी कोणी धरली होती?" दुसरा हसला. ओनोरे हसले नाहीत. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले, आणि म्हणाले, "एव्हारिस्त, तुम्ही भाऊ आहात तिचे. ही तिच्यासाठी लावलेली असती तर तुम्हाला माहीत असतं. तुम्ही सांगता तर तसं."

आपल्याकडे कोणाची रांग कोणाची हे कागदावर नसते, जाणणाऱ्याच्या तोंडी असते. जाणणारा खोटे बोलेल अशी सोयच आपण ठेवलेली नाही. त्या वेळी मी तुला हाकलले नाही, तुझ्याविरुद्ध हातही वर केला नाही. फक्त कसावा आपोआप उगवतो असे म्हणालो. तो सरळ रांगेत उगवत नाही हे इथल्या लहान मुलालाही माहीत आहे, आणि तरीही माझ्या शब्दापुढे तीन जाणती माणसे गप्प बसली.

पुढचे याहून वाईट आहे. जागा मिळाल्यावर रेमीने विचारले, झाडांचे काय करू? मी म्हणालो, उपट. कंद घरी आले. इव्हेटने किसले, पिळले, भाकरी केली; मी खाल्ली. काड्या पुढच्या लागवडीसाठी बांधून सावलीत ठेवाव्यात, हे कोणाला सांगावे लागत नाही. परंतु तांबडा देठ आईचा हे सगळे ओळखतात. दारात ती मोळी दिसली असती तर विचारणारे निघाले असते. म्हणून मी त्या जाळल्या. जिवंत काडी जाळलेली मी आजवर दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. ओली होती, नीट जळेना, धूर होत राहिला.

मावशी धुरावरच आली. चुलीपाशी बसली, भाकरीचा तुकडा मोडून चघळला. तिच्या हिरड्यांना तो मऊ व्हायला वेळ लागला.

"ताईचा कसावा," म्हणाली. "काड्या कुठंयत?"

तिने परसात जाऊन राख पाहिली आणि परत आली.

"कसाव्याचं विष वेताच्या पिळणीत घालून पिळलं की निघून जातं," म्हणाली. "तू मावशील एवढी पिळणी विणायला आता माझ्या हातांत जोर नाही रे."

कारण लिहितो, ते समर्थन नाही. रेमी बेट सोडून जायचे म्हणत होता. त्याच्या वयाची निम्मी मुले गेली. कड्यावरची जागा दिली तर राहील असे मला वाटले. एकाला ठेवून घेण्यासाठी दुसरीला परत येऊ द्यायचे नाही, असा विचार मी या शब्दांत केला नव्हता. आता लिहिताना तो याच शब्दांत येतो.

काल हे सगळे मी इव्हेटला सांगितले. ती तव्यापाशी होती, मागे वळली नाही. "मी बाहेरचीच ना?" म्हणाली. "मला कोणी नावेत नाही बसवलं. क्लोटिल्ड गेल्यावर तुझ्या आईनं मला याच चुलीपाशी बसवलं आणि भाकरी थापायला शिकवली. तिच्या लेकीच्या वाटची शिकवते आहे, हे मला तेव्हाच कळत होतं."

भाकरी उलटायची वेळ झाली होती. तिने ती उलटली.

एव्हारिस्त


मोर्न काश, १९ एप्रिल

क्लोटिल्ड,

मंडळ बसले. सगळ्यांसमोर बोलता यावे म्हणून मी वाडीलाही बोलावण्याची विनंती केली होती. फेब्रुवारीत कड्यावर काय म्हणालो आणि त्यात खोटे काय, ते उभे राहून सांगितले. काड्या जाळल्याचेही सांगितले. खोटे बोललो त्यावर लोक गप्प होते; जाळल्या म्हणताच मागच्या बाजूला बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी उठून निघून गेली.

ओनोरे उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मी नावा कोरतो तेव्हा झाड आतून पोकळ निघालं तर मला राग येतो. पण झाडाला मी भाऊ मानलेला नसतो." पुढे म्हणाले, "मीही त्या रांगेवरून चाललो. मलाही दिसत होतं. तुमच्या शब्दाआड लपणं मला सोपं गेलं."

त्यांनी एवढे बोलायला नको होते. माझे ओझे त्याने हलके झाले नाही, आणि होऊ नये.

तुझ्या लग्नाचा मुद्दा शेवटी एकाने काढलाच: बाहेर गेलेल्या मुलीचा हक्क कसा मानायचा? मी म्हणालो, हा रिवाज जुन्या लोकांचा नाही. ते उलट करीत. मी रोज हेच सांगतो आणि रोज झोपडीतून घरी जाऊन विसरतो. खड्ड्यातल्या बाईवर घर बांधायचे असेल तर ते तिच्या मुलीने बांधावे, असे त्यांच्याकडे होते.

"म्हणजे आता त्या हाडांनी कायदा करायचा?" तो म्हणाला.

मावशी म्हणाली, "हाडांनी नको तर तू कर. तुझी बायको कुठली आहे, ते आधी सांग आणि मग कर."

तो बसला. त्याची बायको पलीकडच्या किनाऱ्यावरची आहे.

ठरले ते असे. रेमीला दिलेली जागा काढून घेतली. ती मोकळी राहील, पण दुसऱ्या कोणालाही देणार नाहीत. तुझ्या नावाची रांग पुन्हा उभी राहिली तर जागा तुझी. पहिले कंद मात्र तू स्वतः येऊन उपटायचे. लावायची कोणी, असे विचारल्यावर ओनोरे म्हणाले, "ज्यानं उपटायला सांगितलं त्यानं."

बाईला आम्ही परत होती तिथेच बसवले. तवा झोपडीतून आणून तिच्यावर पालथा घातला. रेमीने फोडलेला कडेचा तुकडा जागच्या जागी लावला. माती मी ओढली. काचेची पेटी अर्धी झाली होती, ती सुताराकडेच आहे.

रेमी मातीला आला नाही. संध्याकाळी एवढेच म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी, आणि खरं बोललात ते स्वतःसाठी. मध्ये मला कोणी विचारलं नाही." त्याचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. तो तिझोच्या नावेने जातो आहे. मारी-गालांतला उसाचे काम मिळेल म्हणतो. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. तो तुला देईल किंवा पाण्यात टाकील, दोन्ही त्याला शोभेल. ज्याला ठेवून घेण्यासाठी मी हे केले तो याच खेपेला जातो आहे.

एक विचारायचे आहे. तांबड्या देठाचा कसावा आता वाडीत कोणाकडे नाही. मी प्रत्येक घरी जाऊन पाहिले. ही चौकशीही माझ्यासाठी योग्य शिक्षा होती. तू गेलीस त्या दिवशी ट्रंक उचलताना ती मला नेहमीपेक्षा लांब वाटली होती. कोपऱ्यातून काड्यांची टोके बाहेर आली होती, आईने त्यांवर फडके गुंडाळले होते. मी पाहिले आणि बोललो नाही. त्या तिथे लावल्या होत्यास का? जगल्या का?

नसतील, किंवा असूनही द्याव्याशा वाटत नसतील, तर दुसऱ्या जातीची रांग लावतो. रांग ती रांगच. परंतु मी विचारल्यावाचून राहिलो असे व्हायला नको.

एव्हारिस्त


मोर्न काश, ७ जून

क्लोटिल्ड,

तिझो काल आला. पहिल्या पावसाने समुद्र खवळला आहे, तरी आला. नाव वर ओढून झाल्यावर फळीखालून त्याने गोणपाटात बांधलेली एक लांब मोळी काढली.

"पत्र?" मी विचारले.

"पत्र नाही."

"काही निरोप?"

"मी विचारलं तिला. म्हणाली, त्याला लावता येत असतील तर लावू दे."

मी गोणपाट सोडले. देठ तांबडे होते. इतकी वर्षे परक्या जमिनीत राहूनही रंग उतरलेला नाही. मावशी काठी टेकत किनाऱ्यापर्यंत आली होती. तिने एक काडी घेतली, नखाने साल खरवडली, आतला ओला हिरवा रंग पाहिला आणि काडी गालाला लावून उभी राहिली. तिला गप्प पाहण्याची मला सवय नाही.

आतल्या मोळीची गाठ मी सोडता सोडता थांबलो. नाव बांधायची दुहेरी गाठ होती, मी रेमीला शिकवलेली. दुसरा फेरा तो नेहमी उलटा घालतो. हीही तशीच होती.

तिझो म्हणाला, "पोरगा तिच्याकडंच आहे. पहिल्या दिवशी दारात उभा राहिला, म्हणाला, मी एव्हारिस्तचा. तिनं वर-खाली बघितलं नि म्हणाली, तोंडावरून कळतंय, आत ये, जेव."

मी तुला मागची खोली देऊ केली होती, पाहुणी म्हणून. तू त्याला कोणताही शब्द न लावता आत घेतलेस. तेही सोडावे लागणार असलेल्या घरात. याची परतफेड होत नाही, आणि मी करू पाहणार नाही.

आज सकाळी रांग लावली. चंद्र उतरता आहे, माती भिजली आहे, मावशीच्या मते याहून चांगला दिवस नव्हता. दोरीचे एक टोक तिने आंब्याच्या मुळाला बांधायला लावले, दुसरे स्वतः धरून टोपलीवर बसली. "वाकडं चाललंय," असे तिने वाटेत कितीदा म्हटले ते लिहीत नाही. माझे गुडघे आता तिच्यासारखे झाले आहेत. काडी खोचायची, हात टेकायचा, सरकायचे. बाई बसली आहे तिथून रांग एक हात बाजूने नेली, म्हणजे तुझ्या घराला मधली जागा राहील.

शेवटची काडी लावताना ओनोरे येऊन एका टोकाला उभे राहिले.

"ही कोणी लावली?"

"मी," मी म्हणालो. "क्लोटिल्डसाठी."

ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मावशी म्हणाली, "बघ हो नीट. आपोआप उगवली म्हणायला ठेवलंय का काही?" ओनोरे हसले आणि निघून गेले.

पुढचा उन्हाळा लागेल तोवर कंद तयार होतील. तण मी काढीन, डुकरांपासून राखीन, कोणी विचारले तर कोणाची रांग ते सांगीन. तू माझ्याशी बोलावेस अशी अट त्यात नाही. कड्यावर जायला शाळेमागूनही वाट आहे, आमच्या दारावरून जावे लागत नाही. परंतु उपटायला मी हात लावणार नाही.

वेळेत काढला नाही तर कसाव्याचे लाकूड होते, हे तुला माहीत आहे.

एव्हारिस्त